ओल्या केसांची वेणी

प्रिय आये,

गोव्याहून रजेवर आलेल्या सायलीच्या डाव्या कानशिलावरची वेणी काल दुपारी सोडली, आणि वेणीबरोबर केसांचा झुबका मुळासकट माझ्या बोटांत आला. त्या क्षणी माझं सगळं उलटंपालटं झालं. म्हणून आज तुला लिहायला बसलोय. तू होतीस तेव्हा साधा निरोपसुद्धा कधी कागदावर लिहिला नाही, आणि आता तुला जाऊन सहा महिने झाल्यावर पत्र! हस तू, हस.

कानशिलावर चिंचोक्याएवढी जागा उघडी पडलीय गो. दुसऱ्या बाजूलाही केस विरळ झालेत. ती आरशासमोर बसली होती, मी मागे उभा. तिनं बोटानं तिथं नुसतं चाचपून बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसावर मला उलट ओरडता येतं.

तुला आठवतं, ती पहिल्यांदा आपल्याकडे कशी आली? शाळेच्या गॅदरिंगला केस बांधून घ्यायला. आपल्या वायरी गावातल्या सगळ्या मुली तुझ्याकडेच यायच्या, पण कुरळ्या केसांची ती एकटीच. तिच्या घरी तिचे केस कोरडेच विंचरायचे आणि ती रडायची. तू फणी बाजूला ठेवलीस. नारळाचं दूध आटवून काढलेलं आवेल तेल तळहातावर घेतलंस आणि नुसत्या बोटांनी टोकाकडून वर वर गुंता सोडवत गेलीस. प्रत्येक पेड घेताना विचारत होतीस, “दुखता काय गो?” मी केसांत माळायच्या वळेसारासाठी अबोलीची फुलं निवडत बसलो होतो. तिनं डोळे मिटून घेतले होते. बस, तिथंच माझं काय ते झालं. तुला कळलं होतं ना? कधी बोलली मात्र नाहीस.

मग मी कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर जर्नल आपटून आलो. तू दोन दिवस जेवली नाहीस, आणि मी त्यावरूनही तुझ्याशीच भांडलो. देवबागच्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून टुरिस्टांच्या बारीक बारीक वेण्या घालायला लागलो. मोबाईलवर बघून शिकलो, पण हात तुझाच होता. लोक म्हणायचे, पोरग्याच्या हातात कला आहे. मी तुझं नाव कधी सांगितलं नाही.

सायलीला गोव्यात हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी लागली आणि तिथं केस नीटनेटके हवेत म्हणाले. मी म्हटलं, मी घालून देतो, दोन महिने बघायला नको. तू तेव्हा आजारी, पडवीत खाटेवर. तिनं नुकतेच केस धुतले होते. ओले केस ताणून लांब होतात, हाताला सोपे जातात, म्हणून मी तसेच घेतले आणि घट्ट ओढले. तू खाटेवरून बघत होतीस.

“खलाशाचो झील मां तू?” तू म्हणालीस. “ओलो दोर सुकलो की आवळता, ह्यां तुका सांगूक व्हया?”

किती साधं होतं! बाबांच्या होडीवरचा दोर मी लहानपणापासून बघत आलो. ओला बांधला की सुकल्यावर गाठ सुटता सुटत नाही. कुरळा केस तर सुकताना आणखीच वर चढतो. पण सायली समोर बसलेली. तिच्यासमोर तू मला शिकवतेस याचाच राग आला.

“तुका काय्येक कळणा नाय, आये. ह्यो लग्नातलो खोपो न्हय,” मी म्हटलं.

तू भिंतीकडे तोंड केलंस. त्यानंतर पंधरा दिवसांनी तू गेलीस. मधल्या दिवसांत आपण बोललो, नाही असं नाही. औषध घेतलंस काय, पेज देऊ काय. पण त्या वाक्याबद्दल मी काही बोललो नाही, आणि तूही नाही. तू तरी का गप्प राहिलीस? एक थोबाडीत का नाही दिलीस?

तू गेल्यावर मी तिचे केस आणखी दोनदा बांधले. दोन्ही वेळा ओले, दोन्ही वेळा घट्ट. टुरिस्टाची वेणी चार दिवसांची असते, घरी जाऊन सोडतात. ही दोन दोन महिने तशीच ठेवायची. वेणी घातली म्हणजे केसांची काळजी मिटली, असं आम्हा दोघांनाही वाटायचं. तू कापसाच्या बोळ्यानं भांगाभांगात तेल लावायचीस, रिठ्याचं पातळ पाणी सोडायचीस, मुळं पुरती सुकल्याशिवाय उशीवर डोकं टेकू द्यायची नाहीस. दोन वेण्यांच्या मधे पंधरा दिवस केस मोकळे ठेवायला सांगायचीस. यातलं मी काय केलं? काही नाही. आणि दुखतं का, हे तर एकदाही विचारलं नाही. कानात गाणी लावून वेण्या घालायचो.

काल विचारलं. आधी दुखायचं काय? ती म्हणाली, पहिले दोन दिवस डोकं ठणकायचं, गोळी घ्यायची.

“मगे सांगलंस कित्या नाय?”

“तुझ्या हातचां म्हणान सोसलंय.”

आये, यावर माणसानं काय करावं?

मी काय केलं ते ऐक. खरं तर याच्यासाठीच लिहितोय. तिनं विचारलं, हे कशानं झालं रे? आणि मी म्हटलं, गोव्यातल्या पाण्यानं. हॉटेलात बोअरचं पाणी, खारट, त्यानं मुळं सैल होतात. इतकं सहज तोंडातून आलं की मलाच खरं वाटलं. तिलाही वाटलं. ती म्हणाली, “मगे नोकरी सोडूं काय रे? तू सांग.”

मी म्हटलं, “सोड.”

त्या एका शब्दात माझं सगळं पाप आहे. ती गोव्याला गेल्यापासून मला इथं करमत नाही. तिच्या फोनवर कुणा बरोबरच्या मुलाचा आवाज आला तरी माझं डोकं फिरतं. ती परत यावी म्हणून मी देवाला काय काय बोललोय ते तुला माहीत नाही. आणि आता तिच्या गेलेल्या केसांच्या जिवावर मी तिला परत आणतोय! तिला ती नोकरी आवडते गो. पहिल्यांदा साहेबासारखी खुर्चीत बसते म्हणून तिची आई गावभर सांगते.

आज संध्याकाळी सहाला ती मॅनेजरला फोन करणार आहे. आता पाच वाजत आलेत.

कालपासून मी स्वतःला समजावतोय की ती इथं राहिली तर मी तिची नीट काळजी घेईन, तेल लावीन, केस पुन्हा उगवतील. उगवतीलही. नाहीही उगवणार. मुळं मेली असतील तर तुझं आवेलही काही करणार नाही, हे मला कळतं. पण खोटं सांगून अडवलेली ती माझ्याजवळ राहिली तरी माझी कशी?

तुला वचन देतो. तिनं फोन लावायच्या आधी तिच्यासमोर उभा राहून सांगेन की पाण्यानं नाही, माझ्या हातानं झालं. माझ्या आईनं बजावलं होतं आणि मी तिलाच गप्प केलं, हेही सांगेन. राहिलेल्या वेण्या ती सोडू देईल तर हळू हळू सोडीन, नाही म्हणाली तर हात लावणार नाही. ती चिडेल. गोव्याला जाईल, कदाचित कायमची. मी उलट ओरडणार नाही. एवढं एक जमेल का मला, माहीत नाही.

फार लिहीत बसलो तर सहा वाजतील. चप्पल पायात घातलीय. कागद तुझ्या फोटोमागे सरकवतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

तुझो झील,
मंग्या