तिच्या बाजूची तार

मुलुंड पूर्व,
१८ ऑगस्ट २०२४

चि. ऋतास बाबाचे अनेक आशीर्वाद.

तब्येत ठीक आहे, रक्तदाब आटोक्यात आहे. गॅलरीतल्या काचेच्या टाकीतल्या माशांनी मात्र माझी पुरती वाट लावली आहे.

पाहिलेस ना तू ते, काळे, सुरीच्या पात्यासारखे? अंगातून मंद वीज सोडतात, आपल्या हाताला कळणारही नाही एवढी. त्या विजेवरूनच एकमेकांना ओळखतात आणि नर मादीची मनधरणीही त्या विजेनेच करतो. आयुष्यभर विजेचे मीटर तपासलेला माणूस स्वस्थ कसा बसणार? पाण्यात तार सोडली आणि जुन्या रेडिओला जोडली. नराचं अखंड गुणगुणणं ऐकू आलं, मध्येच एखादी चढी लकेर. मादी मात्र मख्ख! पंधरवडाभर मी त्या बिचाऱ्याची कीव करत बसलो.

सुनंदाबाई हसल्या. घाटकोपरला राहतात, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, मासे त्यांनीच दिले. मे महिन्यात आपल्या फ्रिजवर ज्यांचा चष्मा पाहून तू काही न विचारता बॅग भरलीस, त्याच.

"अहो अनंतराव, तार त्याच्याच लपायच्या नळीत खुपसलीत. तिचं ऐकू येणार कसं? जरा तिच्या बाजूला सरकवा ना!"

सरकवली. ऋता, ती बोलत होती गं! हळू आवाजात, पण बोलत होती.

विजेच्या माणसाने अशी चूक करावी! मी ओशाळलो आणि त्याच भरात सुनंदाबाईंना विचारून टाकलं. होय, तेच. त्या म्हणाल्या, "किती उशीर केलात!"

आता म्हातारचळ म्हण हवं तर. तुझ्या आईचा फोटो आहे तिथेच राहील, आणि तिची आठवण येत नाही असा दिवस जात नाही. पण संध्याकाळचा चहा एकट्याने घशाखाली उतरत नाही. ही बाई मला आवडते. फोनवर तू "जेवलास का?" विचारतेस, मी "हो" म्हणतो आणि हे राहून जातं, म्हणून पत्र.

रागावली असशील तर येऊन भांड. लग्नाच्या नोंदणीची तारीख ठरवलेली नाही. "साक्षीदार म्हणून पहिली सही ऋताची हवी, तोवर मी सही करणार नाही," असं सुनंदाबाईंनी बजावलंय. माझं काही चालत नाही.

तुझा तर आहेच, आणि तू सही केलीस तर आणखी एकीचा,
बाबा