वहिनींचा कल

प्रिय प्रेमराज, कदलीकुलभूषणा, सावद्याच्या केळीबाजाराच्या अनभिषिक्त अधिपते,

हे पत्र तुला जिथे सापडले तिथेच बूड टेकून वाच. उभ्याउभ्या नको. आणि पेढीवर वर्तमानपत्राचे शेवटचे पान आधी उघडण्याची तुझी जी जन्मजात विकृती आहे, ती कृपया आजच्यापुरती आवर. मजकूर क्रमाने वाचला जावा म्हणूनच तो क्रमाने लिहिला आहे. विषय गंभीर आहे. आपल्या संयुक्त मालकीच्या 'केळफूल' या नौकेवर कोणी एक अज्ञात इसम माझ्या अपरोक्ष हात चालवीत आहे, असा मला संशय आहे, आणि सहमालक या नात्याने तो तुझ्या कानावर घालणे मला प्राप्त आहे. फोनवर घातला असता. पण फोनवर तू 'मजेत' एवढे एकच अव्यय उच्चारतोस आणि ठेवून देतोस. व्हॉट्सअॅपवर तर तुझा अंगठा तेवढा दिसतो, माणूस दिसत नाही.

अभियोगाला पार्श्वभूमी हवी, म्हणून तुला ठाऊक असलेलाच इतिहास पुन्हा सांगतो. मुंबईच्या कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेली ही शिडाची होडी तू केळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून आणलीस, तेव्हा सावद्यात लोक ती पाहायला जमले होते आणि हिच्यात नेमके काय शिजवतात असे एका म्हातारबुवांनी विचारले होते. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात आपण दोघांनी शीड धरले होते; त्या चार दिवसांच्या पुण्याईवर आपण स्वतःला नाविक समजत होतो. तापीचा फुगवटा तुझ्या दाराशी असूनही नौका मात्र इकडे, धुळ्याच्या धरणावर ठेवावी लागली, कारण रूपावहिनींची अट होती. 'बोट घराजवळ ठेवाल तर पेढीवर कोण बसेल, मी का? ठेवा भावजींच्या गावाला, म्हणजे निदान त्यांच्या घरी जेवून तरी याल.' नावही त्यांनीच ठेवले. आपण दोघे 'वरुणप्रिया' आणि 'जलतरंगिणी' यांत अडकलो होतो. त्यांनी पाहिले, लाल रंगाचे टोकदार नाक, आणि म्हणाल्या, केळफूल. विषय संपला.

आता शास्त्राकडे येतो, ज्याला मी स्थिररज्जुसंतुलनविद्या असे नाव दिले आहे आणि ज्याला तू 'तारा पिळणे' म्हणतोस. डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. पुढून एक तार तिला नाकाकडे ओढते, डावी-उजवीकडून दोन तारा तिला मागे आणि बाजूंना धरतात, आणि या तीन ओढींच्या भांडणातून ती सरळ उभी असते. कोणत्याही सुखी कुटुंबाप्रमाणे. प्रत्येक तारेच्या पायथ्याशी नासीरभाईने लेथवर करून दिलेले टर्नबकल आहे. ते एका बाजूला फिरवले की तार ताणते, उलट फिरवले की सैलावते. काठीच्या खोबणीला डोळा लावून ती वाकडी नाही ना ते पाहायचे, दोन्ही बाजूंच्या तारा बोटाने छेडून तंबोऱ्याच्या जोडीसारख्या एका स्वरात आणायच्या, आणि शेवटी काठीचा कल ठरवायचा. हा शेवटचा भाग तुझा. मला आठवते, पहिल्याच दिवशी रूपावहिनी काठावर उभ्या राहून विचारत्या झाल्या, 'आणि हे पडले पाण्यात, तर ही बया यांना सोडून पुढे निघून जाईल का हो?' तू हसलास. पण दुसऱ्या रविवारी पुढची तार सैल करून तू काठी थोडी मागे कलती केलीस. त्यामुळे सुकाणूवरचा हात सुटला की नौका आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवते, शीड फडफडते, आणि ती जागच्या जागी थांबते. माणूस पडला तरी ती त्याची वाट पाहते. तू पाण्यात उडी मारून वहिनींना ते दाखवलेस. त्या दिवसापासून आपण त्याला 'वहिनींचा कल' म्हणत आलो, आणि तिन्ही टर्नबकलांवर मी आमच्या सौ. सुलक्षणाच्या नखरंगाची खूण करून ठेवली.

वहिनींना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तेव्हापासून नौकेत पाऊल ठेवले नाही, ठेववत नाही, असे तू मला सांगितलेस. मी आग्रह केला नाही. मी एकटाच दर रविवारी येतो, तारा छेडतो, काठावरच्या म्हशींना सुभाषिते ऐकवतो, आणि एकट्याने शीड उभारण्याचे धैर्य नसल्यामुळे परत जातो. अशा माझ्या निष्पाप साधनेत विघ्न आले. उन्हाळा संपताना एका रविवारी डावी तार छेडली तर ती बेसूर. नखरंगाची खूण सरकलेली. मी नुसती नोंद केली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. उंदीर टर्नबकल फिरवीत नाही, आणि वाऱ्याने फिरवलेच तर तो वर सुरक्षेची तार गुंडाळून ठेवत नाही. अर्थात अपराधी मनुष्ययोनीतील होता.

पहिला संशयित पंपघराचा राखणदार वना. त्याला मी इतक्या सूक्ष्म प्रश्नांनी घेरले की माझे मलाच कौतुक वाटले. तो विडी विझवत म्हणाला, 'सर, माले काय माहीत? बठ्ठं जागावर शे ना? मंग कसाले जीव खातस?' हे उत्तर मला अतिशय संशयास्पद वाटले, कारण प्रश्न विचारण्याआधीच तो जमिनीकडे पाहत होता. दुसरा संशयित नासीरभाई. आपण केलेल्या वस्तूवर कारागिराचा जीव असतो, तो गुपचूप येऊन सुधारणा करत असेल, असा माझा सिद्धांत. त्याच्या दुकानात जाऊन मी तो मांडला. त्याची मुलगी हुमा गल्ल्यावर बसली होती. ती तोंडावर ओढणी धरून हसू लागली. नासीरभाई मात्र गंभीरपणे म्हणाला, 'सर, इथे ट्रॅक्टरचे शाफ्ट पडलेत, गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसलेत. मी रिक्षा करून धरणावर जाऊ, तुमचे नट फिरवू आणि परत येऊ? तब्येत बरी आहे ना?' चहा पाजून त्याने मला वाटेला लावले. तिसरी संशयित माझी धर्मपत्नी. नखरंग तिचा, म्हणजे खूण पुसून नव्याने करण्याचे साधन तिच्याच हाती. सुलक्षणाने आरोप शांतपणे ऐकला. म्हणाली, 'तुमच्या त्या बोटीत वजनदार असं काही असलं तर ते तुम्हीच. तुम्ही तर रोज घरीच असता. मग मी तिथे कशाला जाऊ?' तिन्ही संशयित सुटले. न्यायासनाची मात्र शोभा झाली.

मग एका रविवारी पुरावा हाती आला. टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून मी त्यात तांब्याची तार ओवतो. ती तार गायब, आणि तिच्या जागी केळीच्या खोडाच्या सालीची पट्टी. गाठ नाही. पीळ देऊन टोक आत खोवलेले. झाडाला टेकू बांधताना तुमच्याकडे असेच करतात. पट्टी ओली असताना बांधायची, म्हणजे वाळताना ती स्वतःच आवळत जाते. हे मला तूच शिकवलेस, तुझ्या बागेत, आणि माझी पट्टी तीनदा सुटल्यावर 'संस्कृतात बांध' असेही म्हणालास. आता या धरणाच्या पंचक्रोशीत बाजरी आहे, कापूस आहे, हरभरा आहे. केळीचे एक झाड नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्या परंपरेत मी आयुष्य घालवले आहे. तरीही नाव न घेता मी ती पट्टी खिशात घातली.

वनाकडे गेलो. या वेळी सूक्ष्म प्रश्न विचारले नाहीत. पट्टी नुसती त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, 'तो केयावाला भाऊ येस ना, सर. गाडी त्या बाभूयखाले लावस. शीड लायीसन पानीमा एकलाच जास, एकलाच येस. माले बोलना, सरले सांगू नको.' आणि मग आपणहून: 'मी इचारं, सरले का बरं नही आनं? तं नुसता हासना.'

प्रेमराज, खरे सांगू? पहिला राग आला तो चहाचा. सावद्याहून निघालेला माणूस धुळ्यात देवपुरातून जातो, माझ्या गल्लीच्या तोंडावरून, आणि घरी न येता परततो. असे आपल्या भागात वैरीसुद्धा करत नाही. सुलक्षणाला सांगितले तेव्हा ती पोळी लाटायची थांबली. म्हणाली, 'एवढ्या लांब येऊन आपलं दार टाळतो, म्हणजे त्याला आपल्याला तोंड दाखवायचं नाहीये. का दाखवायचं नाही, ते बघा.' मी म्हटले, शोक आहे, एकांत हवा असेल, नौका त्याचीही आहे. हे मी इतक्या प्रौढ भाषेत म्हटले की ते मला पटलेच.

गेल्या रविवारी पटेनासे झाले. मी पुन्हा तारा पाहायला गेलो. या वेळी चोर शोधायला नव्हे, तर तुझा हात कसा चालला आहे ते वाचायला. तारा पिळण्यातही माणसाचे अक्षर असते. दर खेपेला तू पुढची तार थोडी आखडत आणली आहेस आणि बाजूच्या दोन थोड्या सोडल्या आहेस. मी दर वेळी खूण पाहून फक्त 'बदल झाला' एवढेच म्हणत होतो. बदल कोणत्या दिशेला, हे मी पंडिताने पाहिलेच नव्हते. काठी पुढे झुकली आहे. वहिनींचा कल गेला आहे. आता सुकाणूवरचा हात सुटला तर ही नौका वाऱ्याकडे वळणार नाही, थांबणार नाही. ती वाऱ्याच्या पुढे पुढे निघून जाईल, कोणी पाण्यात असो वा नसो. आणि नारिंगी लाइफ जॅकेटांची पिशवी, जिला मी 'प्राणत्राणपेटिका' म्हणतो आणि तू हसतोस, तिच्या तोंडाची माझी वेडीवाकडी गाठ पावसाळ्यापूर्वी मी बांधली होती तशीच आहे. तू एकदाही ती सोडलेली नाहीस.

याला निरुपद्रवी स्पष्टीकरणे आहेत. मी ती सगळी मांडून पाहिली. वारा मंद असेल, सुकाणूची ओढ कमी व्हावी म्हणून केले असेल. जॅकेटात उकडत असेल. मला संशयपिशाच्च लागले असेल. वना, नासीरभाई आणि माझी बायको यांपैकी कोणीही तशी साक्ष आनंदाने देईल. मी हास्यास्पद ठरावे अशी इतकी तीव्र इच्छा मला आयुष्यात कधी झाली नव्हती. पण प्रेमा, मला भीती वाटली. याला संस्कृत समास मी शोधला नाही.

म्हणून काल वनाला हाताशी घेऊन मी पुढच्या तारेची पिन काढली आणि काठी उतरवली. ती का आडवी आहे, हे तू आल्याबरोबर पाहिलेस आणि त्याचा खुलासा शोधत इथवर वाचत आलास, हे मला माहीत आहे. हे पत्र मी टपालात टाकले नाही. सुकाणूच्या दांड्याला बांधले आहे, तुझ्याच केळीच्या पट्टीने; पीळ देऊन, टोक आत खोवून. या वेळी सुटली नसावी. तू बाभळीखाली गाडी लावलीस की लगेच मला फोन करायचा, असे वनाशी ठरले आहे. आणि हे पत्र इतके लांब का, हेही सांगतो. देवपुरातून स्कूटरवर इथे यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तू बसून वाचत राहावास म्हणून. सुलक्षणाने काल स्वयंपाकघरात घड्याळ समोर ठेवून ते तुझ्या संथ चालीने मोठ्याने वाचले. म्हणाली, 'पुरत नाही, अजून लिहा.' तेव्हा मी नासीरभाईचे प्रकरण वाढवले. पिन माझ्या खिशात आहे. दोघे मिळून काठी उभी करू, पुढची तार सैल करू, खुणेवर आणू. मग हवा तेवढा वेळ पाण्यावर गप्प बस, मी एकही सुभाषित म्हणणार नाही. आता मान वर करून रस्त्याकडे पाहा. धूळ दिसत असेल तर ती माझी स्कूटर आहे. दिसत नसेल तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लाग.

तुझाच, वाटेत असलेला,
योगेंद्र