पहिली बास्केट पडेपर्यंत

१४ जानेवारी

पुन्हा हरलो. हरतो कॉलेजचा बास्केटबॉल संघ, पण कोचच्या बायकोने 'हरलो' असंच म्हणायचं असतं. दुकानात व्हर्लिन न्हावी भेटला. "डोरीन, हार्लनला सांग, माझी आजी याहून बरा बचाव करायची. काठी घेऊन!" मी मनापासून हसले.

कुणाला सांगता येत नाही, पण हरलो की मला बरं वाटतं. हार्लनला काढलं की आम्ही ॲरिझोनाला, माझ्या बहिणीच्या शेजारी. मग एकही हिवाळा जिममध्ये नाही!

२२ जानेवारी

हरलो. बर्फ. छान झोप लागली.

९ फेब्रुवारी

कोच बदलण्यावरून कॅफेत दोन तट. म्हातारे म्हणतात, "करंडक त्यानेच आणला होता." तरुण म्हणतात, "त्यावर धूळ किती बसलीय ती बघा." घरी येऊन हार्लनला सांगितलं. तो उठला, फडकं घेतलं, जिममध्ये जाऊन करंडक पुसून आला.

२१ फेब्रुवारी

आजचं नीट लिहून ठेवते. आमच्याकडे सामना सुरू झाला की सगळी जिम उभी राहते. टाळ्या वाजवत, आपल्या पोरांची पहिली बास्केट पडेपर्यंत. मधे कुणी बसत नाही. माझे सासरे कुबडी घेऊन उभे राहायचे.

आज चेंडू आत जाईचना. हात भरून आले. पुढच्या रांगेत मिसेस क्रुम कठड्याला धरून डुलायला लागल्या. व्हर्लिन ओरडला, "हार्लन, एक तरी टाक रे आत! इथे गुडघे गेले!" हशा झाला. हार्लनने टाइम-आउट घेतला. वाटलं, पोरांशी बोलेल. तो आमच्याकडे वळला. दोन्ही तळवे खाली दाबत म्हणाला, "बसा. बसा हो आता."

टाळ्या थांबल्या. कुणीही बसलं नाही. मिसेस क्रुम ताठ झाल्या — "आम्हाला बसवणारा हा कोण?"

बाहेर पडताना व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं नाही.

५ मार्च

काढलं! इतकी वर्षं हरणं चाललं. 'बसा' चाललं नाही.

हार्लनने मक्याचा ब्रेड दोनदा मागून घेतला. बहीण आर्डिस फोनवर रडली, आनंदाने. शेजारचं घर तिने आमच्यासाठी धरून ठेवलंय. अंगणात संत्र्याचं झाड आहे म्हणे. मार्चमध्ये संत्री!

१८ मार्च

खोकी भरते आहे. हार्लन मदत करत नाही, पण शीळ घालत फिरतो. तेवढंही पुष्कळ.

२ एप्रिल

नवा कोच जाहीर झाला. कर्ट. आमचा मुलगा.

मी हार्लनकडे पाहिलं. तो भांडी पुसत होता. "त्याने मला या जागेबद्दल जानेवारीतच विचारलं होतं," म्हणाला. "मी म्हटलं, मी बाजूला झालो की अर्ज कर. आता बाकावर त्याच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं ना, डोरीन."

आर्डिसला फोन केला. म्हटलं, घर नको. खोली बघ. माझ्यापुरती.