छापील उत्तर

अमरावती, मंगळवार, १२ ऑगस्ट १९५८

दिल्लीहून व्ही.पी.ने मागवलेल्या, पोस्टात आधी पैसे भरून सोडवलेल्या शिलाई मशीनबद्दल आज कंपनीचं उत्तर आलं. चाक फिरतं पण सुई खाली येत नाही, असं मी कळवलं होतं. ते म्हणतात, मशीन परत पाठवा, टपालखर्च तुमचा. दोष त्यांचा, मग खर्च माझा का? माझी विधवा बहीण कुसुम याच मशीनवर शिवणकाम घेणार होती.

पण मला खटकतंय ते वेगळंच. सगळं पत्र छापील, फक्त माझं नाव शाईने लिहिलेलं. उत्तर छापून ठेवावं लागतं, म्हणजे तक्रारी किती येत असतील?

पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, "बाई, मागच्या गल्लीतल्या वकिलीणबाईले बी असंच मशीन आलं होतं. धूळ खाऊन राहिलं."

त्यांच्याकडे गेले. त्यांचंही पत्र शब्दन् शब्द तेच, नाव तेवढं वेगळं. म्हणजे ही चूक नाहीच. परत पाठवणं आपल्याला परवडू नये, हाच यांचा धंदा असणार.

दोघींनी मिळून पत्र लिहिलं की माणूस पाठवून मशीनं न्या, नाहीतर कोर्टात भेटू. घरी येऊन मी तिकीट शोधू लागले, तर कुसुमने माझा हात धरला.

"बिनतिकिटाचं, बेरंगच जाऊ दे, ताई. वाचायचं असेल तर टपालखर्च त्यांनी भरावा."