बापूंच्या गाठीचा रिपोर्ट

भोकरदन, मंगळवार, दिवेलागण

बापूंच्या मेंदूतून काढलेल्या गाठीचा तुकडा तपासायला दिल्ता, त्याचा जनुकांचा रिपोर्ट आज जालन्याला मिळाला. "यातलं एक जनुक बंद आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शाळेत विज्ञान शिकवते मी, तरी बंद म्हटलं की बिघाड, एवढंच सुचलं.

बाई म्हणाल्या, उलटं आहे. औषधानं गाठीच्या पेशींना इजा झाली की हे जनुक ती दुरुस्त करतं. तेच बंद, म्हणजे औषधाला वाव. गाठ वाईट आहे, परत येऊ शकते, हेही त्यांनी लपवलं नाही. पण अशा पेशंटना औषध बऱ्याचदा जास्त लागू पडतं, जास्त काळ मिळतो. किती? विचारायचं धाडस झालं नाही.

बापूंचं लक्ष भलतीकडंच. सकाळपासून त्यांना घोर फक्त काळ्याचा. ऑपरेशनपासून मेंढरं काकाकडे आहेत, अन् राखणीचा हा कुत्रा आता म्हातारा झालाय. बसमध्येही तेच, "काळ्या झोपला की लांडगा आलाच."

राजूर मागं पडल्यावर मात्र खिडकीकडं बघतच म्हणाले, "म्हंजी गाठीचा कुत्रा झोपलाय. अन् आपलं औषध लांडगा. बराबर?"

"बराबर, बापू."

जन्मभर लांडगे हाकलले या माणसानं.

"मंग सोड की त्याला जल्दी," म्हणाले.