मामांच्या टिळ्याचा बदला

वैशाख १, नेपाळी नवं वर्ष. सकाळी ५.४०
नवी वही. कव्हरवर ‘व्यापारी गणित’ असं लिहिलं आहे, म्हणजे घरात कोणी हात लावणार नाही.
संकल्प एकच. येत्या दशैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, आत युरोपातल्या विद्यापीठात मास्टर्सची जागा मिळवायची आणि मामांचा बदला घ्यायचा.
नोंद राहावी म्हणून घटना लिहून ठेवतो. गेल्या दशैंला टिळा आणि मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायला मामांकडे गेलो. आधी त्यांचा मुलगा प्रसिद्ध बसला. मामांनी त्याच्या कपाळावर दही-तांदळाचा लाल टिळा थापला, कानामागे जवाचे कोंब खोवले आणि पंचवीस माणसांसमोर म्हणाले, जा, फिनलंड गाजवून ये. मग मी बसलो. तीच थाळी, तोच टिळा. मामांनी माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाले, खगे, तब्येत सांभाळ.
संपलं. मामी खुदकन हसली.
रिटायर हेडमास्तर. जन्मभर भाषणं ठोकली. माझ्या वाट्याला दोन शब्द.

वैशाख ९
बा म्हणाले, सहा लाखांच्या वर एक पैसा मिळणार नाही, त्यात विमानही आलं. मी म्हणालो, चालेल. बा म्हणाले, आणि तुझा तो राहिलेला पेपर? मी म्हणालो, भदौ महिन्यात देतोय. पदवीचे सगळे पेपर सुटलेत, फक्त सांख्यिकी राहिलंय. एका पेपरने माणूस अर्धवट ठरत नाही.

जेठ २
आमच्या या तानसेन गावात माझ्याएवढी पद्धतशीर तयारी कोणी केली नसेल. आमच्या टायपिंगच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना तक्ता केला. अकरा देश, नऊ रकाने. फी, खोलीभाडं, बटाट्याचा भाव, थंडी वगैरे. आठवा रकाना: फिनलंडपासून अंतर. नववा: नाव ऐकून मामा काय म्हणतील.
जर्मनी: फी जवळजवळ नाही, पण वर्षाचा खर्च आधीच बँकेत अडकवून दाखवावा लागतो. बांना सांगितलं. बा उठून म्हशीकडे गेले.
पोर्तुगाल: ऊन असतं. प्रसिद्ध बर्फात राहतो. त्याच्यासमोर मी ऊन घेऊन काय करू?

जेठ २०
प्रसिद्धचा फोन. मोठ्या भावाच्या मानाने म्हणाला, दाइ, पोलंडला फॉर्म भर, इंग्रजीतून शिकवतात, सहा लाखांत आरामात भागेल, माझा मित्र आहे तिथे, तो खोली बघून देईल. मी थंडपणे म्हणालो, बघतो. म्हणाला, माझ्याकडे जास्तीचं जॅकेट आहे, पाठवू का?
माझा हेतू याला कळलेला दिसतो. पोलंडवर लाल काट मारली.

असार ६
ठरलं. एस्टोनिया! फिनलंडच्या बरोबर समोर, मध्ये फक्त समुद्र. जहाजाने दोन तास. कुठल्याही शनिवारी प्रसिद्धच्या दारात उभा राहू शकतो. फी सहा लाखांत बसते, जेवलो नाही तर.
परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीतल्या समिता मॅडम म्हणाल्या, भाइ, हंगेरीचाही फॉर्म भरून ठेवा, तिथे शिष्यवृत्ती आहे, एकावर अवलंबून राहू नका. ठीक. हंगेरी राखीव.

असार ३०
हंगेरीची तारीख गेली. अर्जासोबतचं निवेदन पाचशे शब्दांचं हवं होतं. लिहून एका दिवसात झालं, पण स्वल्पविराम तपासण्यात सतरा दिवस गेले. एकही चूक उरलेली नाही. हंगेरीचंच नुकसान.

साउन ११
अडचण. शिकवलेल्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. कॉलेजात गेलो. सर म्हणाले, तुम्ही कोणत्या कॉलेजचे? (मी बहुधा परीक्षेलाच जात असे.)
ज्याने मला खरोखर शिकवलं असा एकच माणूस जिवंत आहे. आठवीला इंग्रजी. मामा.
रात्रभर विचार केला. यासारखा बदला नाही. ज्या तोंडाने ‘तब्येत सांभाळ’ म्हटलं, त्याच हाताने ‘असामान्य’ लिहून घ्यायचं.

साउन १३
मीच टाइप केलेलं पत्र घेऊन गेलो. ‘असामान्य’ तीनदा. मामांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, स्पेलिंग एकही चुकलेलं नाही, शाबास. मग घडी घालून परत दिलं. म्हणाले, पण मी स्वतः लिहिलेल्या कागदावरच सही करतो. जा, तुझं पत्र वेळेत जाईल.

साउन १७
मामांनी पत्र समोरच्या दुकानात स्कॅन करून पाठवलं. आमच्या दुकानाच्या पायऱ्यांवरून जाऊन! हा दुसरा अपमान. तारखेसह नोंदवला.
आमाजवळ बोललो. आमा म्हणाली, तू सात वर्षांचा होतास, टायफॉइडने फणफणला होतास, रस्ता नव्हता, माझ्या भावाने पाठीवर घालून चार तास चालत तुला हॉस्पिटलात नेलं, डॉक्टर म्हणाले अजून एक तास उशीर झाला असता तर... पुढे रडली.
हा मुद्दा मूळ विषयाशी संबंधित नाही.

भदौ ५
आज सांख्यिकीचा पेपर होता. दिला नाही. आदल्या दिवशी एस्टोनियाचा फॉर्म जायचा होता, नाव पासपोर्टप्रमाणे आहे का हे एकवीस वेळा तपासलं, जागरण झालं. पेपर पुन्हा होतील. बदल्याला मुहूर्त एकच.

असोज ४. पहाटे ५.००
तिथे उणे वीस असतं. आजपासून सराव. धाऱ्यावर, गावच्या दगडी तोटीच्या गार पाण्याखाली दहा मिनिटं. पाणी भरायला आलेल्या बायका म्हणाल्या, खगे, कोणती देवी अंगात आली? आमा म्हणाली, न्युमोनिया होईल. हसलो.

असोज २०
उत्तर आलं!! विद्यापीठाने लिहिलंय, पदवी पूर्ण नसल्याने यंदा प्रवेश देता येत नाही, पूर्ण करून पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा.
‘जरूर’. मी दोनदा शब्दकोश बघितला. हे निमंत्रणच आहे. जाड कागदावर रंगीत छापून घेतलं. टिळ्याच्या दिवशी पंचवीस माणसांसमोर मामांच्या हातात देणार.

असोज २१
उत्तराच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे. काल आनंदात राहून गेली. ‘तुमच्या शिक्षकांनी शिफारसपत्रात विचारल्याप्रमाणे कळवतो: होय, वसतिगृहात चोवीस तास गरम पाणी असतं.’
गरम पाणी! मी युरोपवर चढाई करतोय आणि हा माणूस गरम पाण्याची चौकशी करतो! परदेशात माझी लाज गेली. मामांना दाखवून देणार की खगेंद्र भुसालला गरम पाणी लागत नाही. उद्यापासून धाऱ्याखाली एक तास.

असोज २५
चार दिवस एक-एक तास. खोकला किरकोळ. हात कापतात, म्हणून अक्षर असं.

असोज २६, विजयादशमी
आमाने वही धरली आहे. (न वाचण्याच्या अटीवर.) ताप १०३. टिळ्याचा मुहूर्त ११.३६, मला उठवेना. म्हटलं, बदला टळला.
मुहूर्ताला दार उघडलं. टिळ्याला लहानांनी मोठ्यांकडे जायचं असतं, पण मामाच थाळी घेऊन आले. मागून मामी आणि सगळी पंचवीस माणसं, माझ्या खाटेभोवती. उशीखालचा जाड कागद मी पुढे केला. मामांनी शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, सांख्यिकीचा पेपर दिलाच नाहीस होय, बरा झालास की रोज संध्याकाळी वही घेऊन ये. मग गरम पाण्याच्या ओळीवर बोट ठेवून मामीला म्हणाले, बघ, उत्तर दिलं त्यांनी, सभ्य लोक आहेत.
टिळा लावला. हात कपाळावर तसाच ठेवला. मी डोळे मिटले. आता तरी युरोपचं नाव घेतील.
मामा म्हणाले, खगे, यंदाही तेच.
मामी हसली नाही. म्हणून जास्त लागलं.

कार्तिक १
ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, एक महिना गार पाणी बंद.
नवा संकल्प. वर्षभर तब्येत इतकी सांभाळायची की पुढच्या दशैंला मामांना माझ्यासाठी दुसरं काहीतरी शोधावंच लागेल. त्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं, म्हणून रोज संध्याकाळी सांख्यिकीची वही घेऊन तिथेच बसणार.
पायात लोकरीचे मोजे आहेत. मामांनीच पाठवलेत. तूर्त घातलेत. गार पायांनी बदला घेता येत नाही.