ड्रायव्हरसकट गाडी

प्रिय दादा,

तुझा परवाचा निरोप मिळाला. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात, हे वाचलं. मला लिहायचा कंटाळा, तुला ठाऊकच. आत्ताही काउंटरवरचं कॉफीचं मशीन गळतंय, त्याखाली फडकं सरकवून बसलोय.

तर परवाचं. मी ज्या ऑफिसातून मोटारी भाड्याने देतो तिथे तू वहिनी आणि सासऱ्यांना घेऊन आलास, मला नीट बघितलंस, आणि अनोळखी गिऱ्हाइकासारखं परमिटचं पुस्तक पुढे सरकवलंस. मी मूळ लायसन्स मागितलं. ते तू घरीच ठेवून आलेलास. परदेशात गाडी चालवायचं ते परमिट म्हणजे लायसन्सचं नुसतं भाषांतर, मूळ नसेल तर रद्दी. हे मी रोज कुणाला तरी सांगतो, पण लहानपणी मला सायकलला हात लावू न देणाऱ्या तुला सांगताना मजा आली, खोटं कशाला बोलू. सासरे म्हणाले, हा आपल्याकडचाच दिसतो. त्यावर तू म्हणालास, "असेल. असे उंडगे पुष्कळ भटकतात इकडे." हे नाव तूच मला ठेवलेलंस. निदान दुसरा शब्द शोधायचास.

मालक म्हणाला, गाडी हवी तर ड्रायव्हरसकट. ड्रायव्हर मीच. वहिनीला पहिल्यांदा पाहिलं ते गाडीच्या आरशात. लग्नाचं तू कळवलं होतंस, बोलावलं नव्हतंस. चेहरा शांत आहे तिचा, आवडली. तू तिच्याशेजारी तोंड उघडं टाकून झोपलास, अगदी पूर्वीसारखा. सासरे पुढे, माझ्या बाजूला. बोलका माणूस, जावयाचं कौतुक थांबेना. एकुलता एक मुलगा, आईचं आजारपण एकट्याने काढलं म्हणाले. मग हळूच, तुझी झोप मोडू नये म्हणून, "दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या. कुणाची वाट बघत होत्या, देव जाणे."

पुढे घाट होता. मी गाडी नीट चालवली. हॉटेलशी तू माझ्या हातावर बक्षीस ठेवलंस, मी सलाम केला. त्याच संध्याकाळी तुझा निरोप आला, गुडघ्यांचा.

म्हणून हे पत्र. आईला माझा नमस्कार सांग. धाकटा ड्रायव्हर झालाय, चालेल का, विचार. आणि ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहून पाठव, दर महिन्याला पाठवतोस तसं. मी वाट बघतो. आमच्याकडे ती सवय आईकडून आली आहे.

तुझाच, तूच ठेवलेल्या नावाचा,
उंडग्या